काटा कुणाच्या हाती? मालवाहू गाड्यांच्या वजनाचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, ट्रकचं वजन हा विषय कुठून काढलात? प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल आधी एक जुनी आठवण सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

१९७६ चा फेब्रुवारी असावा. आम्ही तेव्हा कराडला नवे अधिव्याख्याते होतो. चिपळूणला जायचं होतं आणि शेवटची एसटी चुकली. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने गुळाच्या ढेपा घेऊन कोकणात उतरणाऱ्या ट्रकमध्ये बसवून दिलं. चालकाला सगळे तात्या म्हणत. हेळवाकला चहाला थांबलो. पुढे कुंभार्ली घाट. तात्या खाली उतरले, एकेका चाकाला हात लावून पाहिला, मागच्या कमानपाट्यांकडे वाकून बघितलं आणि परत येऊन बसले. आम्ही सहज विचारलं, "तात्या, वजन किती असेल हो?"

"पासिंग नऊ टनाचं हाय, गुरुजी. आत तेरा-चौदा असंल."

"काट्यावर केलंत का?"

"काटा कशाला? स्टेरिंग हलकं लागाय लागलं की समजायचं, मागं जास्त बसलंय."

आम्ही म्हटलं, कळतंय तर एवढं भरता कशाला? त्यावर ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "गुरुजी, चालवतो मी. भरणारा मी न्हाई."

घाट आम्ही जीव मुठीत धरून उतरलो, पण ते वाक्य डोक्यातून उतरलं नाही. आम्ही त्या वर्षी वर्गात ॲरिस्टॉटल शिकवत होतो. माणसाला योग्य काय ते कळतं आणि तरी तो अयोग्य वागतो, हे कसं घडतं? सॉक्रेटिस म्हणतो, असं घडतच नाही. जो चुकतो त्याला नीट कळलेलंच नसतं. ॲरिस्टॉटल म्हणतो, घडतं, कारण मन दुबळं असतं. तात्यांचं उत्तर या दोघांच्याही पलीकडचं होतं. त्यांना कळत होतं आणि त्यांचं मनही दुबळं नव्हतं. निर्णय त्यांच्या हातात नव्हता, एवढंच. वजन कुणाला कळतं, किती भरायचं ते कोण ठरवतं, आणि किंमत कोण मोजतं, हे तीन प्रश्न आज आपण इतिहासाला विचारणार आहोत. आजकाल ट्रकमध्येच बसवलेले वजनकाटे आले आहेत, चालकाला केबिनमध्ये बसल्या जागी प्रत्येक ॲक्सलवरचं वजन दिसतं. हा काटा तिथवर कसा पोचला, आणि त्याने तात्यांचं उत्तर बदलतं का, हे पाहू.

सुरुवात बरीच मागे आहे. रोमन साम्राज्यात सरकारी टपाल आणि मालवाहतुकीची मोठी व्यवस्था होती. इसवी सन ३५७ मधला एक हुकूम थिओडोशियसच्या संहितेत जपून ठेवला आहे. चारचाकी गाडीवर एक हजार रोमन पौंडांपेक्षा जास्त लादायचं नाही, दुचाकीवर दोनशे, घोड्याच्या पाठीवर तीस. हजार रोमन पौंड म्हणजे आपले साधारण सव्वातीनशे किलो. आज तीनचाकी टेम्पोही याहून जास्त नेतो. पण लक्षात घ्या, हा हुकूम मुख्यतः सरकारी जनावरं आणि गाड्या वाचवण्यासाठी होता.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख ठेवणारा पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. तराजू कसे असावेत, वजनं कशाची असावीत, दर चार महिन्यांनी ती तपासून घ्यावीत, बिनतपासणीची वजनं वापरली तर दंड काय, हे सगळं तिथे आहे. पण तोलला जातो तो माल. गाडी तोलायची कल्पना तिथे दिसत नाही.

का नाही? तर गरजच नव्हती. बैलगाडीत काटा आधीपासूनच बसवलेला होता. तो काटा म्हणजे बैल. पोती जास्त झाली की बैल मान टाकतो, चढावर थांबतो, फारच झालं तर सरळ खाली बसतो. मग गाडीवानाने कितीही चाबूक ओढला तरी दोन पोती उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. ज्याला वजन कळतं त्यालाच नकार देता येतो, अशी ही व्यवस्था होती. बैलावर अन्याय झाले नाहीत असं आमचं म्हणणं नाही, भरपूर झाले. पण शेवटी मर्यादा त्याच्या अंगात होती. इंजिनाचं तसं नाही. इंजिन खाली बसत नाही. ते धूर ओकतं, कण्हतं, पण ओढत राहतं. आमच्या मते या विषयाचा सगळा आधुनिक इतिहास म्हणजे खाली न बसणाऱ्या यंत्राला मर्यादा बाहेरून कशी घालायची याचा शोध आहे.

हा शोध इंजिनाच्याही आधी इंग्लंडमध्ये सुरू झाला, कारण तिथे आठ-आठ घोडे जोडून जड गाड्या ओढण्याची पद्धत पडली. रस्ते मातीचे. पावसाळ्यात चाकं बुडाली की खोल चर पडायचे. १६२० च्या दशकात पहिल्या जेम्स राजाने फर्मान काढलं, की चारचाकी गाड्या नकोत आणि वीस हंड्रेडवेटपेक्षा, म्हणजे साधारण एका टनापेक्षा, जास्त ओझं नको. फर्मान निघालं, पण तोलणार कशाने? गाडी उचलून तोलायचा काटा रस्त्यात नव्हता. मग कायद्यांनी आडवाटेने मोजायला सुरुवात केली. घोडे किती जोडले ते मोजा, चाकाची धाव किती रुंद ते मोजा. १७५३ च्या कायद्याने नऊ इंच रुंद धावेच्या चाकांना प्रोत्साहन दिलं, कारण रुंद चाक रस्ता कापत नाही, उलट दाबून बसवतं, असा समज होता. जे मोजता येत नाही त्याच्या जागी जे मोजता येतं ते मोजायचं, ही सरकारांची सवय बरीच जुनी आहे.

दरम्यान रस्त्यांवर टोलनाके आले होते. रस्ता दुरुस्त ठेवण्यासाठी वाटसरूंकडून पैसे, ही पद्धत १६६३ च्या कायद्यापासूनची; रस्ते सांभाळणारी विश्वस्त मंडळं त्यानंतर आली. १७४१ मध्ये या मंडळांना नाक्यावर वजनयंत्र उभारायची आणि जादा वजनावर जादा टोल घ्यायची परवानगी मिळाली. सुरुवातीची यंत्रं म्हणजे इमारतीतून बाहेर आलेली भली मोठी तुळई, एका बाजूला साखळ्या, दुसऱ्या बाजूला वजन. साखळ्या गाडीला अडकवायच्या आणि आख्खी गाडी जमिनीवरून उचलायची. इंग्लंडमध्ये वुडब्रिज आणि सोहॅम इथे असे जुने काटे अजून उभे आहेत. एका गाडीला किती वेळ लागत असेल, विचार करा.

मग जॉन वायट नावाच्या कारागिराने अठराव्या शतकाच्या मध्यावर वेगळी युक्ती काढली. जमिनीत खड्डा, त्यात एकमेकांना जोडलेल्या तरफा आणि त्यांवर फळी. गाडी फळीवर आणून उभी करायची. तरफांची मांडणी अशी, की गाडी फळीवर थोडी पुढे उभी केली काय किंवा मागे केली काय, आकडा तोच येतो. आज साखर कारखान्याच्या दारात किंवा मार्केट यार्डात आपण जो भुईकाटा बघतो त्याचा हा पूर्वज. तरफांच्या जागी आता विजेवर चालणारे लोडसेल आले, कल्पना तीच.

काटा आला, आता प्रश्न सुटला असं वाटेल. पण बघा काय झालं. जादा वजनावर पैसे घेऊन गाडी पुढे सोडायची म्हणजे जादा वजन हे उत्पन्नाचं साधन झालं. पुढे टोल वसुलीचे लिलाव व्हायचे, ठेका घेणाऱ्याला गाडी हलकी व्हावी असं वाटण्याचं कारणच नव्हतं. नाक्याअलीकडे माल उतरवायचा, पलीकडे पुन्हा चढवायचा, नाकेवाल्याचा हात ओला करायचा, हे सगळे प्रकार तिथेही झाले. आपल्याला यात काही अनोळखी वाटतंय का? आम्हाला तरी नाही. दंड भरला की गुन्हा संपतो, पण रस्त्यावरचं वजन तेवढंच राहतं. न्याय आणि महसूल यांची गल्लत होते ती इथे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅकॲडमने रस्त्याचा विचारच उलटा केला. तो म्हणाला, ओझं खरं तर खालची मूळ जमीन पेलते, खडीचा थर तिला कोरडं ठेवण्यासाठी असतो. जमीन कोरडी राहिली तर ती बरंच पेलेल. ही दृष्टी अजून आपल्या रस्त्यांत आहे. पण ती घोडागाड्यांच्या काळात पुरेशी होती. विसाव्या शतकात मोटार ट्रक आले, तेही भरीव रबरी टायरचे, आणि खडीचे रस्ते उखडू लागले. १९१३ मध्ये अमेरिकेत मेन, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन या चार राज्यांनी ट्रकच्या वजनावर पहिल्या मर्यादा घातल्या. मेनची मर्यादा अठरा हजार पौंडांची, मॅसॅच्युसेट्सची अठ्ठावीस हजारांची. रस्त्यांचा स्वभाव राज्याच्या सीमेवर असा एकदम बदलत नाही, म्हणजे हे आकडे अंदाजानेच ठरले होते.

अंदाजाच्या जागी ज्ञान आलं ते इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ. ऑक्टोबर १९५८ ते नोव्हेंबर १९६० या काळात तिथे रस्त्यांची एक प्रचंड परीक्षा झाली. तिला आशो रोड टेस्ट म्हणतात. मुद्दाम बांधलेले सहा वळसे, त्यांत वेगवेगळ्या जाडीचे तुकडे. एक वळसा हवामानाचा परिणाम बघण्यासाठी रिकामा ठेवला, बाकी पाचांवर लष्कराचे चालक ठरावीक वजनाचे ट्रक फिरवत राहिले. प्रत्येक वळशावरून अकरा लाखांहून जास्त ॲक्सल गेले. आणि मोजमाप केल्यावर निघालं ते असं, की ॲक्सलवरचं वजन वाढतं त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते.

चौथा घात म्हणजे काय, ते सोपं करून सांगतो. वजन दुप्पट केलं तर झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन. वजन फक्त पाव हिश्शाने वाढवलं, तरी झीज जवळजवळ अडीचपट. म्हणून रस्त्याच्या दृष्टीने ट्रकच्या एकूण वजनापेक्षा एकेका ॲक्सलवर किती आलं हे महत्त्वाचं. तेवढाच माल जास्त ॲक्सलवर नीट वाटला तर रस्ता सहन करतो.

पुलाचं गणित आणखी वेगळं. कोकणातल्या श्रोत्यांनी साकव आठवावा. पाच माणसं एकमेकांना चिकटून मधोमध गेली तर साकव वाकतो; तीच पाच माणसं अंतर ठेवून गेली तर कुरकुरतसुद्धा नाही. अमेरिकेत १९७४ पासून पुलांसाठी जे सूत्र लागू आहे त्यात ॲक्सल किती आणि त्यांच्यात अंतर किती, हे दोन्ही धरलं जातं, ते याच कारणाने.

आता इथे आपल्या देशाचा धागा येतो. ओटावाच्या परीक्षेत तुलनेसाठी प्रमाण धरलेला ॲक्सल अठरा हजार पौंडांचा होता. त्याचे किलो केले तर साधारण ८,१६० होतात. आपल्याकडच्या रस्ते बांधणीच्या मानकांत प्रमाण ॲक्सल म्हणून हाच ८.१६ टनांचा आकडा आहे, आणि चौथ्या घाताचा नियमही. म्हणजे इलिनॉयच्या शेतातला हिशेब आपल्या महामार्गांच्या जाडीत मुरलेला आहे. मात्र कायदेशीर मर्यादा तिथे थांबली नाही. चार टायरच्या एका ॲक्सलसाठी ती १९८३ मध्ये ८.१६ वरून १०.२ टनांवर गेली. जुलै २०१८ मध्ये १०.२ वरून ११.५ टनांवर. तीन ॲक्सलच्या ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. आता गुणाकार करा. १०.२ टनांचा ॲक्सल प्रमाण ॲक्सलच्या जवळजवळ अडीचपट झीज करतो, आणि ११.५ टनांचा जवळजवळ चौपट.

यावर दुसरी बाजू अशी, की एका फेरीत जास्त माल गेला तर फेऱ्या कमी होतात, डिझेल वाचतं, मालकाला परवडतं, आणि नव्या गाड्यांचे ब्रेक आणि टायर पूर्वीपेक्षा चांगले आहेत. हा युक्तिवाद खोटा नाही. अमेरिकेनेही १९७४ मध्ये तेलटंचाईच्या काळात एका ॲक्सलची मर्यादा अठरा हजारांवरून वीस हजार पौंडांवर नेली, कारण वेगमर्यादा खाली आणली होती आणि वाहतूकदारांना भरपाई हवी होती. आमचा मुद्दा एवढाच, की मर्यादा ही निसर्गाने आखलेली रेघ नसते. तो समाजाने केलेला करार असतो. आणि करार पाळायचा तर ज्याने पाळायचा त्याला आपण कुठे उभे आहोत हे कळलं पाहिजे.

इथे गाडीतला काटा येतो. त्याची गरज आधी कुणाला लागली असेल? जिथे भुईकाटा जवळपास नसतो त्याला. अमेरिकेच्या वायव्य भागात जंगलातून लाकडाचे ओंडके आणणारे ट्रक. ओंडका ओला की सुका, कोणत्या झाडाचा, यावर वजन बदलतं. डोळ्यांनी अंदाज येत नाही. जंगलात जास्त भरलं तर ते कळणार डांबरी रस्त्यावरच्या सरकारी काट्यावर, दंडाच्या पावतीसकट. कमी भरलं तर फेरी फुकट. म्हणून भरतानाच वजन कळण्याची सोय हवी होती.

यंत्र तसं साधं आहे. धातू ताणला की त्याचा विद्युतरोध किंचित बदलतो, हे लॉर्ड केल्विनने १८५६ मध्ये दाखवलं होतं. १९३८ च्या सुमाराला अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी स्वतंत्रपणे त्यावरून स्ट्रेन गेज बनवला. बारीक तार लोखंडाला चिकटवायची, लोखंड वाकलं की तारही ताणली जाते, त्या बदलावरून वजन काढायचं. असे गेज बसवलेले लोडसेल ट्रकची चौकट आणि वरचा हौदा यांच्यामध्ये ठेवतात. ज्या गाड्यांना कमानपाट्यांऐवजी हवेच्या पिशव्यांवरचं सस्पेन्शन असतं तिथे आणखी सोपं. ओझं वाढलं की पिशवीतला दाब वाढतो. तो दाब मोजला की वजन कळलं. आधी गाडी रिकामी आणि मग भरलेली प्रमाणित भुईकाट्यावर नेऊन आकडे जुळवून घ्यायचे, म्हणजे यंत्र तयार.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. गाडी उतारावर उभी असेल, ब्रेक दाबलेला असेल तर आकडा हलतो. कमानपाट्यांत पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे चढवताना आणि उतरवताना एकाच वजनाला वेगळे आकडे येऊ शकतात. यंत्र वेळोवेळी पुन्हा जुळवावं लागतं. म्हणून मालाच्या खरेदी-विक्रीचा हिशेब सहसा शिक्का असलेल्या काट्यावरच होतो, गाडीतला काटा व्यवस्थापनासाठी. पण त्याचा खरा गुण असा, की तो वेळेवर सांगतो. नाक्यावरचा काटा सांगतो तेव्हा गुन्हा घडून गेलेला असतो. गाडीतला काटा भरतानाच सांगतो, जेव्हा दोन ढेपा खाली ठेवणं अजून सोपं असतं. एकूण वजन बरोबर पण मागच्या ॲक्सलवर जास्त आलंय, हेही दाखवतो, म्हणजे माल थोडा पुढे सरकवला की काम झालं. स्टेअरिंग हलकं लागतंय हे तात्यांना घाटाच्या तोंडाशी कळायचं; हे यंत्र ते गुळाच्या पेढीवरच सांगेल.

आपण ऊसवाल्यांच्या मुलखातली माणसं. 'काटा मारणे' हा शब्दप्रयोग आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. काटा ज्याच्या ताब्यात, आकडा त्याचा, हा संशय शेतकऱ्याच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणून काटा चालकाच्या समोर येणं ही केवळ तांत्रिक सोय नव्हे. आकड्याची मालकी बदलते.

पण थांबा. इथेच आम्हाला तात्यांचं वाक्य पुन्हा ऐकू येतं. वजन तर त्यांना यंत्राशिवायही कळत होतं. मग यंत्राने काय साधलं?

आपला कायदा बघू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ११३ मध्ये वजनाची मर्यादा आहे, कलम ११४ मध्ये गाडी तोलायला लावण्याचा आणि जादा माल उतरवायला लावण्याचा अधिकार आहे, आणि कलम १९४ मध्ये शिक्षा. पूर्वी किमान दोन हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला एक हजार, असा दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो वीस हजार आणि टनाला दोन हजार झाला, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. गाडी तोलायला नकार दिला तर चाळीस हजार. मधल्या काळात काही राज्यांनी ठरावीक रक्कम भरून कार्ड किंवा टोकन घ्यायचं आणि जादा वजनाने बिनधास्त फिरायचं, अशी सोय करून दिली होती. अठराव्या शतकातल्या त्या टोलनाक्याची आठवण झाली ना? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की राज्यांना अशी मुभा देता येणार नाही. पैसे भरले म्हणून जादा वजन घेऊन पुढे जाता येत नाही, ते उतरवावंच लागेल. आमच्या मते हा निकाल तत्त्वाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. दंड ही मर्यादेची किंमत नव्हे, हे त्याने सांगितलं.

कलम १९४ ची भाषा नीट वाचली तर गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी आहे. पण नाक्यावर खिडकीतून हात बाहेर काढून कागद देतो तो कोण? चालक. माल पाठवणारा आपल्या गादीवर असतो, भाडं ठरवणारा दलाल फोनवर असतो. पावती चालकाच्या हातात पडते.

ऑस्ट्रेलियाने यावर जो मार्ग काढला तो आम्हाला विचार करण्यासारखा वाटतो. तिथे २०१४ पासून बहुतेक राज्यांत लागू असलेल्या अवजड वाहन कायद्यात जबाबदारीची साखळी मानली आहे. माल पाठवणारा, बांधणारा, भरणारा, चालकाला कामावर ठेवणारा, माल घेणारा, असे सगळे त्या साखळीतले दुवे. २०१८ मध्ये तर त्यांच्यावर सुरक्षिततेची काळजी घेण्याचं थेट कर्तव्यच टाकलं. नुसतं 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणून सुटता येत नाही. युरोपीय संघाने २०१५ च्या निर्देशात सदस्य देशांना सांगितलं, की जादा वजनाच्या गाड्या ओळखण्यासाठी २७ मे २०२१ पर्यंत एकतर रस्त्यात स्वयंचलित काटे बसवा, नाहीतर गाडीत. गाडीतल्या काट्याचा आकडा चालकाला दिसला पाहिजे आणि धावत्या गाडीतून तपासनिसाला बिनतारी मिळाला पाहिजे, अशी ती कल्पना.

या दोन मार्गांत सूक्ष्म फरक आहे आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. काटा गाडीत आहे पण साखळी नाही, असं झालं तर काय होईल? चालकाची शेवटची पळवाट बंद होईल. 'मला माहीत नव्हतं' हेही त्याला म्हणता येणार नाही. ज्ञान त्याचं, दंड त्याचा, निर्णय मात्र दुसऱ्याचा. कांटच्या नीतिविचारातून एक सूत्र निघतं, की जे करणं माणसाला शक्य आहे तेच त्याचं कर्तव्य ठरू शकतं. नकार देणं शक्य नसलेल्या माणसाला वजन दाखवणं म्हणजे बैलाला आकडा शिकवून खाली बसायची मुभा काढून घेण्यासारखं आहे.

तात्यांची पुढची गोष्ट आम्हाला दोन वर्षांनी कळली. कराडच्या स्टँडवर भेटले, हातात पिशवी, अंगात घरचा सदरा. आम्ही विचारलं, "आज सुट्टी का?" म्हणाले, "एकदा म्हटलं मालकाला, एवढं घेऊन घाट उतरणार न्हाई. पावसाचं दिवस व्हतं. मालक काय बोलला न्हाई. दुसऱ्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हातात." आम्हाला त्या वेळी काही बोलायला सुचलं नाही. तत्त्वज्ञानाची पदवी अशा वेळी फारशी कामाला येत नाही.

तात्यांच्या नकाराजवळ काय नव्हतं, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. त्यांच्याजवळ पुरावा नव्हता. 'स्टेरिंग हलकं लागतंय' हे कुणाला दाखवता येत नाही. गाडीतल्या काट्याची नोंद ही पुरावा असते. पेढीवर भरताना किती वजन होतं, किती वाजता होतं, हे कागदावर येतं. ती नोंद फक्त तपासनिसाच्या हाती गेली तर ती चालकाच्या गळ्यातला फास होईल. तीच नोंद चालकाच्या हाती राहिली आणि कायद्याने ती भरणाऱ्याविरुद्ध ग्राह्य धरली, तर ती त्याची ढाल होईल. यंत्र एकच.

कुणी म्हणेल, सर, भाडंच टनावर ठरतं, स्पर्धा एवढी आहे, की कायद्याने भरलं तर मालक बुडेल. हे खरं आहे, आणि म्हणूनच एकट्या प्रामाणिक मालकाला हे झेपणार नाही. सगळ्यांच्या गाडीत काटा आणि सगळ्या साखळीवर जबाबदारी आली, तरच प्रामाणिकपणा तोट्याचा राहत नाही. नाहीतर जो जास्त भरतो तो भाडं पाडतो, आणि रस्त्याच्या झिजेची किंमत तुम्ही-आम्ही भरतो. चौथ्या घाताने भरतो.

तेव्हा सुरुवातीचे तीन प्रश्न आठवा. वजन कुणाला कळतं? रोमन हुकुमापासून आजपर्यंत हे उत्तर हळूहळू चालकाच्या जवळ आलं आहे आणि ती चांगली गोष्ट आहे. ठरवतं कोण? ते उत्तर फारसं हललेलं नाही. किंमत कोण मोजतं? नाक्यावर चालक, खड्ड्यात सगळे. काटा तुळईवरून खड्ड्यात आला, खड्ड्यातून गाडीत आला. आता त्याने आणखी एक प्रवास करायचा आहे, पेढीवरच्या गादीपर्यंत. तो पोचला की एखादा तात्या भरणाऱ्याला म्हणू शकेल, हा बघा आकडा, दोन ढेपा उतरवा, मगच किल्ली फिरवतो. आणि किल्ली त्याच्याच हातात राहील.

आज इथेच थांबतो. श्रोत्यांमध्ये कुणी ट्रक चालवणारे, भरणारे किंवा काट्यावर बसणारे असतील तर त्यांनी आमच्या चुका जरूर दाखवाव्यात. या विषयात ते आमचे गुरुजी.